चिनी लोकमत नेमके कोणते?

संपादक महोदय,

परदेशात युद्ध पेटले की आपल्याकडच्या वृत्तपत्रांत ‘चिनी नेटकरी काय म्हणतात’ अशी एखादी चौकट हमखास येते आणि वेइबो या चिनी समाजमाध्यमावरच्या चार-सहा आक्रस्ताळ्या प्रतिक्रिया चीनचे लोकमत म्हणून वाचकांपुढे ठेवल्या जातात. त्या प्रतिक्रिया खोट्या नसतात. पण त्या कोणत्या चाळणीतून खाली आल्या, हेही त्यांच्यासोबत छापले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा वेइबोवर पुतिन यांच्या गुणगानाला आणि ‘युक्रेनच्या सुंदर मुलींना आम्ही आसरा देऊ’ असल्या ओंगळ विनोदांना ऊत आला होता. त्याच दिवसांत पाच चिनी इतिहासकारांनी युद्धाचा निषेध करणारे खुले पत्र प्रसिद्ध केले, ते मात्र काही तासांतच गायब झाले. पुढे त्या विनोदांची भाषांतरे युक्रेनमध्ये पोहोचली आणि तिथे अडकलेल्या चिनी विद्यार्थ्यांवर मायदेशातल्या लोकांना ‘जरा तोंड आवरा’ असे विनवण्याची वेळ आली. प्रवास करताना गाडीला चिनी ध्वज लावा, असे सुरुवातीला सांगणाऱ्या कीव्हमधील चिनी दूतावासाने दोन-तीन दिवसांतच आपली ओळख उघड करू नका, अशी सूचना काढली. वेइबोनेही तोवर असा मजकूर हटवायला घेतला होता.

गलवानचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. जून २०२० च्या त्या चकमकीत आपले २० जवान हुतात्मा झाले. चीनने स्वतःचे चार सैनिक दगावल्याचे जाहीर केले ते थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये. या आकड्याविषयी वेइबोवर शंका घेणाऱ्या, सुमारे २५ लाख अनुयायी असलेल्या एका माजी पत्रकाराला हुतात्म्यांच्या बदनामीच्या गुन्ह्याखाली आठ महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्यानंतर गलवानविषयी तिथे जे लिहिले जाते, त्यावरून लोकांच्या मनाचा अंदाज कसा बांधायचा?

अर्थात हा राष्ट्रवाद निव्वळ सरकारी कळसूत्री खेळ आहे, असेही मला वाटत नाही. १९९९ मध्ये बेलग्रेडमधील चिनी दूतावासावर ‘नाटो’चे बॉम्ब पडून तिघे मारले गेले, तेव्हाचा संताप अस्सल होता. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तत्कालीन अध्यक्ष नॅन्सी पेलोसी तैवानला निघाल्या तेव्हा त्यांचे विमान पाडण्यापर्यंतची भाषा ‘ग्लोबल टाइम्स’ या चिनी सरकारी वृत्तपत्राचे माजी संपादक हू शिचिन यांनीच केली होती; पण विमान सुखरूप उतरल्यावर रात्रभर जागून त्याचा माग काढणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतःच्याच सरकारवर आणि लष्करावर तोंडसुख घेतले. (आपल्या वृत्तवाहिन्यांवरील आरडाओरड्यावरून कोणी भारतीय जनमत ठरवू लागला, तर ते आपल्याला रुचेल का?)

तेव्हा अशा चौकटीत प्रतिक्रियेची तारीख, ती मुळात किती जणांनी पाहिली, नंतर ती हटवली गेली का आणि भाषांतर कोणाचे, एवढे तरी छापावे, ही विनंती.

— एक नियमित वाचक, पुणे