काकूंचं बेणं परत पाठवते आहे

पुणे,
16 फेब्रुवारी 2025

प्रिय चिमे,

या पत्राबरोबर एक खोकं येईल. वर हळदीची बाटली आणि मेतकुटाचा डबा आहे, आणि तळाशी कोरड्या वाळूत ठेवलेली कापडी पिशवी. बाटली, डबा लगेच उघड. पिशवी मात्र हे सगळं वाचून झाल्यावर सोड.

चार वर्षं एक गोष्ट तुला सांगितली नाही, ती आज सांगते. मिरजेचं घर रिकामं करायला आपण दोघी गेलो होतो, तेव्हाची. तू आत काकूंच्या साड्या आवरत होतीस. मी विहिरीकडे गेले, तर आंब्याच्या सावलीतल्या वाफ्यात हळदीची पानं पिवळी पडून जमिनीला टेकलेली. काकू असत्या तर तो वाफा कधीच खणून झाला असता. नवे मालक तिथे फरशी घालणार होते. मला राहवलं नाही. खुरप्याने माती उकरली, दोन ओंजळी गड्डे काढले आणि पंच्यात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकले. तुला विचारायला हवं होतं, पण त्या दिवशी तुझ्याशी कुठल्याही वस्तूबद्दल बोलणं मला जमलं नाही.

पुण्याला आल्यावर ते वाळूत ठेवले आणि मे महिन्यात गच्चीवरच्या चार क्रेटमध्ये लावले. वाटलं होतं, पीक आलं की तुलाच आश्चर्याचा धक्का देईन. पण गच्चीवर ओल उतरू नये म्हणून मी क्रेटखाली ट्रे ठेवले होते, आणि ऑगस्टच्या झडीत ते भरून राहिले. पानं कडेने पिवळी पडू लागली, एक खोड हलकेच ओढलं तर हातात आलं. खाली गड्डा कुजलेला, वास येणारा. त्या संध्याकाळी सगळे क्रेट उपसले. गड्ड्यांना फुटलेली चांगली बोटं उरली सात. चिमे, तुला काय सांगणार होते? काकूंच्या हातची शेवटची लावणी माझ्याकडून गेली, असं? सातातली दोन तरी जगतील का, हेच ठाऊक नव्हतं. म्हणून गप्प राहिले.

ती सातही जगली. यंदाचं हे चौथं पीक. चार क्रेटमध्ये मिळून नऊ किलो ओली हळद निघाली, आणि आता सांगायला तोंड आहे.

नाशिकच्या नव्या घराच्या गच्चीचे फोटो पाहिले. दुपारी चारनंतर भिंतीची सावली येते ना, तोच कोपरा हळदीला दे. तिला दिवसभर कडक ऊन लागत नाही. कुंड्या विकत घेऊ नकोस, फळवाल्याकडचे जुने क्रेट आण. आत शेडनेट लाव, तळाशी नारळाच्या शेंड्या, वर रसवंतीवरची उसाची चिपाडं (वाळवून घे, ओली आंबतात), मग वाळका पाला आणि वरचा अर्धा भाग खत-मातीचा. खत जास्त, माती थोडी. बांद्र्याच्या गच्चीवर शहरी शेती करणाऱ्या डॉ. दोशींनी चिपाडं आणि घरचा ओला कचरा यांच्यावरच भाज्या पिकवून दाखवल्या होत्या. गच्चीवर ओझं कमी पडतं हा त्यातला मोठा फायदा. आणि ट्रे ठेवू नकोस. दोन विटांवर क्रेट ठेव, पाणी खालून निघून जाऊ दे.

खताचं तुला अवघड वाटतं हे माहीत आहे, कारण मागच्या वेळी तुझ्या बादलीला वास सुटला होता. तो ओल्याचा वास. सालं, देठं, चहाचा चोथा एक भाग असेल तर वाळका पाला दोन भाग हवा, आणि प्रत्येक थर पाल्याने झाकलेला. वास आला की पाला वाढव, मुंग्या झाल्या की पाण्याचा शिपका दे. विरजण म्हणून आंबट ताक पुरतं. आमच्या सोसायटीत पाला जाळायचे. मी रखवालदारांना सांगून ठेवलं की पोती भरून माझ्या दारात ठेवा. आता जाळत नाहीत, याचं मला फार समाधान आहे.

श्रावणापासून दर पंधरा दिवसांनी अमृतजल घालते. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवार’ या शेतीचे प्रयोग करणाऱ्यांच्या गटामुळे ते घरोघरी पोचलं: एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, दहा लिटर पाण्यात तीन दिवस, रोज ढवळायचं, मग दहापट पाणी घालून झाडांना. नाशिकला गोठा जवळ मिळेलच. नाही मिळाला तर नुसत्या खतावरही हळद येते.

आता हळदीची पूड. ही मला दुकानातून कुणी आणून दिली तरी नको झाली आहे. नऊ किलोतली दीड किलो बेण्याला ठेवली, दीड किलो लोणच्याला आणि शेजाऱ्यांना गेली, सहा किलो उकडली. स्वच्छ धुऊन, बुडेल इतक्या पाण्यात, पाऊण ते एक तास. झाडूची स्वच्छ काडी सहज आरपार गेली की झालं. उकडल्यानेच रंग आत-बाहेर एकसारखा होतो, म्हणून कच्चीच वाळवायचा मोह धरू नकोस. गार झाल्यावर चकत्या कर. आख्ख्या हळकुंडांना पंधरवडा लागतो, चकत्या पाच-सहा दिवसांत वाळतात. मोडताना कट् असा आवाज आला पाहिजे. नुसती वाकली तर आणखी ऊन दे. सहा किलोची सव्वा किलोसुद्धा भरत नाही, तेव्हा मन घट्ट ठेव. आधी खलबत्त्यात कुटून घे आणि मगच मिक्सरला लाव, नाहीतर पातं जाईल. बाटली कपाटात ठेव, उजेडाने रंग उडतो. वापरताना नेहमीच्या निम्मीच घाल. पहिल्यांदा मी सवयीने एक चमचा टाकला आणि वरण कडवट झालं.

मेतकूट काकूंचंच आहे, फक्त त्या मापट्या-चिपट्यांत सांगायच्या, मी वाटीवर आणलं. हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, तांदूळ एक, उडदाची डाळ अर्धी, मुगाची पाव, गहू पाव. दोन चमचे धने, एक जिरे, एक मोहरी, अर्धा चमचा मेथ्या, आठ-दहा मिरे. सगळं वेगवेगळं, कोरडं, मंद आचेवर भाजायचं. घाई केली की डाळ बाहेरून लाल आणि आत कच्ची राहते, आणि मेथ्या जास्त झाल्या तर अख्खा डबा कडू. दळल्यावर हळद, सुंठ, हिंग, जायफळ. काकू डाळ भाजताना तोंडात एक दाणा टाकून बघायच्या, आठवतं? मीही तसंच बघते. घड्याळाने ते कळत नाही. आज मऊ भात लाव, तूप घाल, आणि एकटी असलीस तरी पाटावर बसून खा.

गोडा मसाला या खेपेला पाठवत नाही. दगडफूल चांगलं मिळालं नाही, आणि ते जुनं असेल तर मसाल्याला तो मातकट वास येत नाही. ते मिळालं की करेन. वाळवणंही अजून व्हायची आहेत. चैत्रात तू आलीस तर कुरडयांचा चीक मिळून घाटू, गव्हाचं पाणी बदलायचं काम तुझं.

आता पिशवी सोड. आत नऊ गड्डे आहेत. अक्षय्य तृतीया यंदा 30 एप्रिलला आहे, तोवर वाळूतच, गार अंधाऱ्या जागी राहू दे, पाणी लावू नकोस. कोंब पांढरट दिसू लागले की दोन बोटं खोल, कोंब वर करून लाव, एका क्रेटमध्ये तीन. पुढच्या माघात काढशील तेव्हा खायच्या आधी बेणं बाजूला काढ. दोन ठिकाणी ठेव: थोडं तुझ्याकडे, थोडं माझ्याकडे. माझी सात बोटं मला अजून विसरता येत नाहीत.

पिशवीतल्या नवांतला सगळ्यात मोठा, मुठीएवढा, तो जेठा गड्डा. त्याला चार डोळे आहेत. लोक असे गड्डे तोडून लावतात, पण तो तू तोडू नकोस, आख्खाच लाव.

तुझी,
नमी