रविवारची खडकवासला सायकल राइड : खड्ड्यांबाबत सूचना

मंडळी, रविवारी सकाळी ६ वाजता राजाराम पुलाजवळ जमायचं आहे. पावसाने सिंहगड रस्त्याची पार चाळण केली आहे, म्हणून हे आधीच लिहितो आहे.

साचलेल्या पाण्यातून सायकल घालू नका. डबकं दोन इंचांचं आहे की फूटभर, वरून कळत नाही. खड्डा दिसला की एकदम वळू नका, मागून पीएमपीची सिटी बस येत असते. चुकवता येत नसेल तर ब्रेक खड्ड्याआधीच दाबा, आत सोडा. पेडल समांतर, कोपर-गुडघे सैल, बूड सीटवरून थोडं वर. गेल्या वेळी आपल्यातल्या एकाचं पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. अजून अंगावर काटा येतो. त्यामुळे हेल्मेटशिवाय आलेल्यांना परत पाठवणार, राग मानू नये.

पुढच्याने हात दाखवून "खड्डा!" असं ओरडायचं, मागच्यांनी ते आणखी मागे पोचवायचं. दोन सायकलींचं अंतर ठेवा, नाहीतर पुढच्याचं चाकच दिसतं, रस्ता नाही. टायरमध्ये हवा कमी नको, खड्ड्याच्या कडेवर ट्यूब चिमटून फुटते. जादा ट्यूब, पंप आणि मागचा लाल दिवा आणाच.

येणाऱ्यांनी शनिवारी रात्री ८ पर्यंत कळवा.