बर्ड म्हणजे पक्षी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या करकपातीच्या कायद्यावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. माझा भाचा न्यू जर्सीत असतो आणि दर महिन्याला आईला पैसे पाठवतो. बाहेरदेशी पाठवायच्या पैशांवरचा कर प्रतिनिधिगृहाच्या साडेतीन टक्क्यांवरून सिनेटमध्ये एक टक्क्यावर आला आणि तोही रोख, मनीऑर्डर वगैरेंपुरताच उरला, हे वाचून आमच्या बहिणीला हायसं वाटलं. मात्र त्याच लेखात 'सिनेटच्या पक्षी नियमामुळे काही कलमे वगळावी लागली' असं एक वाक्य आहे. भाषांतराच्या घाईत एक माणूस उडून गेला. रॉबर्ट बर्ड हे वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर. १९५९ पासून २०१० मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल ५१ वर्षं, ते त्या सभागृहात होते. मूळ इंग्रजीतला 'बर्ड रूल' त्यांच्या नावाचा आहे.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली. त्यातली बरीच वर्षं सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त लिहिण्यात. त्यामुळे भाषणांपेक्षा सूचक, अनुमोदक, उपसूचना, हरकतीचा मुद्दा याकडेच माझा कान जास्त. बर्ड यांच्याबद्दल कुतूहल वाटायचं कारणही तेच.

सिनेटमध्ये बोलणाऱ्याला थांबवायचं तर शंभरातले साठ जण लागतात. याला अपवाद अर्थसंकल्पाचा मेळ घालणाऱ्या विधेयकाचा. त्यावरची चर्चा वीस तासांत संपते आणि साधं बहुमत पुरतं. अशी आयती वाट दिसल्यावर कोण सोडेल? ज्याला जे हवं ते त्यात घुसडायला सुरुवात झाली. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' अशी एक ओळ असायची, आणि जे विषय आधी कोणाला दिसू नयेत ते बरोबर त्या ओळीतून आत यायचे. ही तीच तऱ्हा. बर्ड यांनी १९८५ मध्ये तिला खीळ घातली. ज्या कलमाचा सरकारी जमाखर्चावर परिणामच नाही, किंवा असला तरी नावापुरता आहे, त्यावर एकट्या सिनेटरनं हरकत घेतली तरी चालते. हरकत टिकली की कलम गळतं, आणि वाचवायचं तर पुन्हा साठ मतं आणा. २०२१ मध्ये डेमोक्रॅट पक्षाचं ताशी १५ डॉलर किमान वेतनाचं कलम यातच अडकलं. २०२५ मध्ये रिपब्लिकनांनी सरकारी जमिनी विकायचा घाट घातला होता, त्यालाही सभागृहाच्या नियमतज्ज्ञांनी याच नियमावर बोट ठेवलं. विधेयक असं चाळून घेण्याला तिथे 'बर्ड बाथ', म्हणजे पक्ष्याची अंघोळ, म्हणतात. तेव्हा आपल्या लेखकाचा गोंधळ अगदीच निराधार नाही, तिथल्या लोकांनाही ही कोटी आवरत नाही.

नियम करणारे पुष्कळ असतात. आपलाच माणूस सूट मागायला आला की खरी पंचाईत होते. १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांना आपली आरोग्य योजना याच जवळच्या वाटेनं न्यायची होती. बर्ड त्यांच्याच पक्षाचे. त्यांनी साफ नाही म्हटलं, एवढा मोठा विषय वीस तासांत उरकायचा नाही. योजना पुढच्या वर्षी बारगळली. त्याच १९९३ मध्ये, अर्थविधेयकातल्या एकेका रकमेवर काट मारायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देऊ नये म्हणून, त्यांनी रोमच्या इतिहासावर चौदा भाषणं केली. (ऐकायला किती जण बसले असतील, याचा अंदाज मला अनुभवानं आहे.) कायदा १९९६ मध्ये झालाच, पण १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला.

फेब्रुवारी १९८८ चा किस्सा तर आमच्या कचेरीत मी अनेकांना सांगितला आहे. निवडणूक खर्चाच्या विधेयकावर रिपब्लिकन सदस्य लांबण लावत होते आणि गणपूर्ती होऊ नये म्हणून बाहेर जाऊन बसत होते. बर्ड तेव्हा बहुमतातल्या पक्षाचे नेते. त्यांनी गैरहजर सदस्यांना पकडून आणण्याचा आदेश मंजूर करून घेतला. ओरेगनचे बॉब पॅकवुड आपल्या दालनात दाराला खुर्ची लावून बसले होते. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास त्यांना पाय पुढे, डोकं मागे असं उचलून सभागृहात आणलं. विधेयक मात्र शेवटपर्यंत मंजूर झालं नाही ते नाहीच. आमच्याकडे गणपूर्ती होईना की शिपायाला समोरच्या चहाच्या टपरीवर पाठवायचो. सदस्य तिथेच सापडत आणि स्वतःच्या पायांनी येत.

हे सगळं लिहिताना दुसरी बाजू लपवली तर इतिवृत्त खोटं ठरेल. बर्ड तरुणपणी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेत होते. कृष्णवर्णीयांना समान हक्क देणारं १९६४ चं विधेयक दक्षिणेकडच्या सदस्यांनी दोन महिन्यांहून अधिक काळ बोलून अडवलं होतं. त्यातलं शेवटचं मोठं भाषण बर्ड यांचंच. ९ जूनच्या संध्याकाळी उभे राहिले ते १४ तास १३ मिनिटं बोलून दुसऱ्या दिवशी सकाळी बसले. त्यानंतर थोड्याच वेळात चर्चा थांबवण्यावर मतदान झालं. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूत गाठ झाली होती, वाचा गेली होती. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. नाव पुकारल्यावर त्यांनी बोटानं स्वतःचा डोळा दाखवला. इंग्रजीत 'डोळा' आणि मतदानातला 'होय' यांचा उच्चार एकच, 'आय'. ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबली. एंगल पुढच्याच महिन्यात गेले. आपल्या त्या भूमिकेचा पश्चात्ताप बर्ड यांनी पुढे वारंवार बोलून दाखवला. पण १४ तास नोंदीत आहेत आणि नोंद खोडता येत नाही.

डिसेंबर २००९ मध्ये ओबामांचं आरोग्य विधेयक सिनेटमध्ये आलं तेव्हा त्यांच्या बाजूला नेमकी साठ मतं होती, एकसष्टावं नव्हतं. बर्ड ९२ वर्षांचे होते. रात्री एकच्या मतदानाला, बाहेर बर्फ असताना, त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. २४ तारखेच्या अंतिम मतदानाला पुन्हा आणलं. त्यांनी आपले दिवंगत मित्र टेड केनेडी यांचं नाव घेऊन होकार दिला. सहा महिन्यांनी, २८ जून २०१० रोजी, ते वारले.

आता आपल्याकडचं. पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधून लोकसभेवर गेलेले मधू लिमये नियमावर बोट ठेवून उभे राहिले की मंत्री सावरून बसत, हे माझ्या पिढीनं वर्तमानपत्रांतूनच वाचलं. आज 'नियम २६७ खालील नोटीस फेटाळली, विरोधकांचा गदारोळ' एवढीच ओळ आपल्या पहिल्या पानावर येते. कोणी कोणता फलक फडकावला त्याचं छायाचित्र असतं. राज्यसभेचा हा नियम त्या दिवसाच्या कामकाजासाठी एखादा नियम बाजूला ठेवू देतो आणि त्याला सभापतींची संमती लागते, हे मला नियमावली उघडून बघावं लागलं. नागपूर अधिवेशनात विधानसभेच्या नियम २९३ खाली होणाऱ्या '२९३ च्या चर्चे'चंही तेच. आपल्या वार्ताहरांना हे सगळं पाठ असणार. चौकटीत दोन ओळी दिल्या तर वाचकाला गदारोळ कशावरून झाला ते कळेल, आणि चूक कोणाची तेही ज्याचं त्याला ठरवता येईल.

'पक्षी नियमा'ची दुरुस्ती तेवढी येत्या अंकात छापावी.

आपला,
एक निवृत्त जिल्हा परिषद कर्मचारी,
सातारा