कलम 23 आम्हाला, मग कलम 27 कुणाला? शिक्षणमंत्र्यांना एका शिक्षिकेचं खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

साहेब, परवा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा निकाल पाहिला. मला 86 गुण पडले. खुल्या प्रवर्गाला 150 पैकी 90 लागतात. बावीस वर्षं पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते आहे, आणि परवा शाळेच्या ओट्यावर, जिथं जरा रेंज येते तिथं उभं राहून, मी नापास झाल्याचं वाचलं. आत मुलं तेराचा पाढा म्हणत होती. ती थांबू नयेत म्हणून मीही बाहेरून त्यांच्याबरोबर म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी वरून 'कारणे दाखवा' नोटीस आली. परीक्षेच्या आठवड्यात विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती वेळेत भरली नाही, खुलासा तीन दिवसांत सादर करा. तो खुलासा मी तुम्हालाच सादर करते.

आधी एक स्पष्ट सांगते. मी परीक्षेला घाबरून हे लिहीत नाही. बारावीनंतर दोन वर्षं डी.एड. केलं, गुणवत्ता यादीत नाव आलं, तेव्हा जिल्हा परिषदेनं नेमलं. तीन वर्षं महिना तीन हजारांवर शिक्षणसेवक म्हणून काढली. त्या वेळी सरकारनं जी पात्रता मागितली ती पूर्ण दिली. टीईटी हा शब्द आला 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेत, आणि तिच्यातच आधी लागलेल्या शिक्षकांना सूट होती. राज्यात पहिली टीईटी झाली 2013 च्या डिसेंबरात. मग 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला : निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या प्रत्येकानं दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, नाहीतर सक्तीची निवृत्ती. न्यायालयाचा आदेश शिरसावंद्य. पण तो आला त्या दिवसापासून तुमच्या खात्यानं मला पास होण्यासाठी काय मदत केली, एवढं सांगा.

दिवाळीआधीच्या शिक्षण परिषदेत आम्हाला सांगितलं की सुट्टीनंतर टीईटीचे मार्गदर्शन वर्ग सुरू होणार, बालमानसशास्त्राला आणि गणिताला तज्ज्ञ येणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. नावं लिहून घेतली, सह्या घेतल्या, फोटो काढून ग्रुपवर टाकले. वर्ग आजतागायत झालेला नाही.

माझी शाळा द्विशिक्षकी आहे. सोबतचे गुरुजी जूनमध्ये बदलून गेले, त्यांच्या जागी अजून कुणी नाही. म्हणजे चार वर्ग, पोषण आहार, चव रजिस्टर, शाळा व्यवस्थापन समिती, सगळं एकटीकडे. परीक्षा 23 नोव्हेंबरला. त्याच आठवड्यात नगरपरिषद निवडणुकीचं प्रशिक्षण, गैरहजर राहिल्यास कारवाई. ग्रुपवर रोज 'अति तातडीचे' टपाल. मी वहीत मांडून ठेवलंय : त्या सहा दिवसांत ऑनलाइन माहिती भरायच्या 17 लिंक आल्या. शेजारच्या शाळेचे सर म्हणतात 20 तरी असतील, मी एखाददुसरी सोडली असेल. रात्री दहाला पुस्तक उघडायची आणि साडेदहाला त्याच पुस्तकावर डोकं टेकायची. परीक्षेला पहाटे साडेपाचची एसटी धरली. भरलेली फी 1000 रुपये, कुठून परत मागू?

आता त्या न भरलेल्या माहितीचं. मुलाचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं असलं की तो 'अवैध' दिसतो. माझ्या पटावर 23 मुलं आहेत, रोज मी त्यांची हजेरी घेते. संगणकाला 19 मान्य. उरलेल्या चौघांत कातकरी वाडीवरची दोन भावंडं आहेत. थोरली पहिल्या वर्षी वर्गात एक शब्द बोलली नव्हती. यंदा तिनं तिसरीच्या पुस्तकातला अख्खा धडा बोट ठेवून वाचला आणि शेवटी मान वर करून विचारलं, "बाई, अजून एक वाचू?" ही मुलगी तुमच्या यंत्रणेत नाही. तिचे आईवडील वीटभट्टीवर. आधार दुरुस्तीला तालुक्याला गेलं की रोज बुडतो. मीच दोनदा घेऊन गेले, स्वतःच्या पैशानं, आणि तेवढे दिवस शाळा अंगणवाडीताईंच्या भरवशावर ठेवली. पट 20 च्या खाली दिसला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तिथं, दुसरं पदही जाणार. मग मी कायमचीच एकटी. हा खुलासा पुरे का?

साहेब, शिक्षण हक्क कायद्याच्या ज्या कलम 23 वर, म्हणजे शिक्षकाच्या पात्रतेच्या कलमावर, माझी नोकरी टांगली आहे, त्याच कायद्यात कलम 27 आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला कुठलंही अशैक्षणिक काम देऊ नये, असं त्यात लिहिलंय. त्याच कायद्याच्या परिशिष्टात 60 पटापर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. कलम 23 मोडलं तर माझ्या घरची चूल बंद. कलम 27 रोज मोडतं, त्याबद्दल आजवर कुणाला नोटीस गेली? दुसरा शिक्षक नाही म्हणून कुणाचा पगार थांबला? 5 डिसेंबरला आम्ही शाळा बंद ठेवून हेच विचारायला रस्त्यावर आलो, तर एक दिवसाचा पगार कापायचं पत्र त्वरित निघालं. ते पत्र काढायला कुणाला वेळ कमी पडला नाही.

आणि ज्या परीक्षेवर माझी पात्रता ठरणार, तिचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. 2021 मध्ये टीईटी गैरव्यवहारात परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. पुढे पावणेआठ हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे मोजून गुण वाढवणारे निघाले, आणि आता प्रामाणिकपणे 86 आणणारीनं मान खाली घालायची? मी घालणार नाही.

तमिळनाडू सरकारनं सेवेतल्या शिक्षकांसाठी स्वतंत्र टीईटी घ्यायचं ठरवलं. आपल्याकडे का नाही? आमच्यासारखे राज्यात दीड लाख आहेत म्हणतात, कुणी आणखी जास्त सांगतं. एवढ्या लोकांचं वर्षाकाठी एका परीक्षेवर कसं भागणार? केंद्राकडे कायदादुरुस्तीसाठी जोर लावा. तोवर सेवेतल्यांची परीक्षा वेगळी घ्या, डाएटमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत, वर्ग भरवा, आणि 2027 च्या ऑगस्टपर्यंत आमच्यावरच्या लिंका निम्म्यावर आणा.

माझे यजमान शेती करतात, मुलगी बारावीला आहे. परवा तिनं विचारलं, "आई, तुला काढून टाकतील का गं?" मला उत्तर देता आलं नाही. उत्तर तुमच्याकडे आहे.

मार्गदर्शन वर्गाची तारीख कळवा, मी पहिल्या बाकावर असेन. फक्त त्या दिवसांसाठी माझ्या शाळेवर दुसरं माणूस पाठवा. 23 मुलं आहेत. एकोणीस नाहीत.

आपली,
जिल्हा परिषदेची एक प्राथमिक शिक्षिका