जेरीमँडर म्हणजे जर्मनचं पातेलं नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात प्रभाग रचनेच्या बातमीवर 'जेरीमँडरिंग' असं ठसठशीत हेडिंग होतं आणि खाली अर्थ कुठंच नाही, मग काय, शिवाजी पेठेतल्या आमच्या चहाच्या कट्ट्यावर अर्धा तास त्यातच गेला. एकजण म्हणाला जर्मन लोकांचं काहीतरी असणार, दुसरा म्हणाला जर्मनचं पातेलं माहितीय बाबा, हे कुठलं नवीन.

तर शब्द अमेरिकेतला, अर्थ आपल्या फायद्यासाठी मतदारसंघाच्या हद्दी हव्या तशा आखणं. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यानं राज्याच्या सिनेटच्या मतदारसंघांची अशी रचना मंजूर केली की फायदा त्याच्याच पक्षाला, आणि त्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा लांबडा झाला की बोस्टनच्या एका पेपरानं त्या नकाशाला पंख नख्या लावून चित्रच छापलं. ते दिसलं सॅलमँडरसारखं, म्हणजे दिसायला पालीसारखा पण बेडकाच्या नात्यातला प्राणी, त्याच्या 'मँडर'ला गेरीचं नाव चिकटलं. (आता सगळे जेरीमँडर म्हणतात, ते तुमचं बरोबर, पण आडनाव गेरी.) गंमत म्हणजे गेरी स्वतः त्याच वर्षी पडला, आणि सिनेटात पक्ष मात्र २९ विरुद्ध ११! गव्हर्नरला मतदान सगळ्या राज्याचं, तिथं रेषा कुठं मारणार..

आपण 'वॉर्ड फोडला' म्हणतो ते यातलं निम्मंच. मी तुमच्याच पेपरच्या कोऱ्या कडेला पेनानं काढून दाखवलं, समजा एका तालमीची ६०० मतं आहेत, ती तीन वॉर्डात दोनशे दोनशे वाटली की कुठंच चालत नाहीत. दुसरा डाव याच्या उलटा, विरोधातल्या सगळ्या गल्ल्या एकाच वॉर्डात कोंबायच्या, तिथं तो ढिगानं मतं घेऊन येऊ दे की, शेजारचे तीन वॉर्ड आपलेच. ह्याला आपल्याकडं शब्द मी तरी ऐकला नाही.

आता तुमच्या बातमीत होतं काय, तर लोकसंख्या बघून दोन गल्ल्या पलीकडं गेल्या. एवढ्यावर जेरीमँडरिंग होत नाही हो, कुणाच्या तरी फायद्याचा हिशोब धरून रेष मारलेली पाहिजे. तो हिशोब हाताला लागला असेल तर नकाशासकट छापा, नसेल तर सरळ 'हद्द बदलली' लिहा.

आमचा पातेलंवाला अजून जर्मनमँडरच म्हणतोय, त्याला आता कोण काय करणार.

एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर