इटलीतल्या स्मारकावरची नावं गावाला द्या

मा. मंत्री, माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

साहेब, १० जुलै जवळ आला की मला नाईक यशवंत घाडगे आठवतात. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा पोरगा, पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये, वय २२. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली याच दिवशी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनने त्याचं सगळं सेक्शन, म्हणजे त्याची छोटी तुकडी, आडवं केलं. उभा उरला तो एकटा. धावत गेला, हातबॉम्बने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानेच संपवलं. मग दडून बसलेल्या निशाणबाजांनी त्याला टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, मरणोत्तर.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. (गणपतीला गावी जाताना तिथे गाड्या हमखास तुंबतात, तेवढ्यात नमस्कार करून येता येतो.) इटलीत मोंतोने गावानेही २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं. तेव्हा यशवंतरावांसाठी माझं काही मागणं नाही.

मागणं आहे ते बाकीच्यांसाठी. इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर, ज्यांची कबर कुठेच नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं आहेत. यशवंतरावांचं त्यातच, आणि त्यांच्यासारखी आपल्याकडची कितीतरी. अशी स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदीत अनेकांच्या बापाचं नाव, गाव, तालुकाही सापडतो. पण सगळं इंग्रजीत, कारकुनाच्या कानाला पडलं तसं. गावाचं नाव तीनदा मोठ्याने वाचावं तेव्हा कुठे ते आपलं वाटतं.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगाव दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. नुसता आकडा. नाव नाहीच.

कॅसिनोच्या नावांची यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी मराठीत करावी, ज्या त्या ग्रामपंचायतीला तिची नावं पाठवावीत आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती एकदा वाचली जावीत. एवढंच. कमानी, चौथरे नकोत.

‘इंग्रजांसाठी मेले, त्यांचं काय एवढं’ असं कोणी म्हणेल, मलाही म्हणून झालंय. कोकणात भात चार महिन्यांचं. उरलेल्या आठ महिन्यांना मुंबईची गिरणी, नाहीतर पलटण. राज्य कुणाचं हे बघून भरती व्हायची चैन त्या पोरांना नव्हती.

वाकडं स्पेलिंग वाचून गाव ओळखायला माणसं कमी पडली तर कळवा. निवृत्त मास्तर, पोस्टमन, तलाठी गावोगाव बसलेत. पाराखाली यादी ठेवली तरी आठवड्यात लावून देतील.

आपला,
रायगड जिल्ह्यातला एक मतदार