हिरव्या पाट्या मोजल्यात, आता चार्जिंगचे प्लगही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या मुहूर्तावर झालेल्या वाहननोंदणीची बातमी कालच्या अंकात वाचली. पुणेकर कसे हिरव्या पाटीच्या, विजेच्या गाड्यांकडे वळताहेत, याचे कौतुक केले आहे. सोबत फोटो : झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. गाडी छानच होती. फक्त ती रात्री कुठे चार्ज होणार, एवढे तुमच्या बातमीदाराने मालकाला विचारायला हवे होते. मालकाचा चेहरा पडला असता आणि फोटो बिघडला असता, ही गोष्ट वेगळी.

आकड्यांबद्दल थोडे. स्कूटर, रिक्षा आणि मोटारी यांची तुम्ही एकच बेरीज करून टाकली आहे. २०२४-२५ या वर्षात देशात विजेवरच्या दुचाकी साडेअकरा लाखांच्या घरात नोंदल्या गेल्या, तीनचाकी सात लाखांच्या आसपास, आणि मोटारी जेमतेम एक लाखाच्या वर. म्हणजे जी 'लाट' तुम्ही मोटारीचा फोटो लावून दाखवता, ती मुख्यतः स्कूटर आणि रिक्षांची आहे. हा फरक किरकोळ नाही. पुष्कळ स्कूटरवाले बॅटरी काढतात, पिशवीत घालतात आणि लिफ्टने घरी नेतात. त्यांना कोणाची ना-हरकत लागत नाही. मोटारीची बॅटरी पिशवीत मावत नाही.

मी या वर्षी विजेची मोटार घेतली. राज्य सरकारने मोटार वाहन कर माफ केला आहे. एवढ्याच किमतीच्या पेट्रोल गाडीला तो ११-१२ टक्के बसला असता, त्यामुळे लाखभर रुपये वाचले, हे कबूल. कंपनीने गाडीबरोबर भिंतीवरचा चार्जरही दिला. तो बसवायला आलेला मुलगा आमच्या पार्किंगमध्ये उभा राहून म्हणाला, "काका, सोसायटीचं पत्र आणा, मग फोन करा." चार्जरचा खोका माळ्यावर आहे.

माझी मागणी काय होती ते सांगतो. माझ्याच फ्लॅटच्या मीटरवरून केबल काढायची. मीटर खोलीपासून माझे पार्किंग पंधरा पावलांवर आहे. केबल, पाइप, एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), अर्थिंग, सगळा खर्च माझा. बिल माझ्या नावावर. कंपनीचा चार्जर भिंतीला लावायला नको असेल तर नुसता १६ अँपिअरचा प्लग द्या, म्हटले. त्यावर जो भार येतो तो बाथरूममधल्या गिझरपेक्षा थोडासाच जास्त. सोसायटीच्या खिशातून एक रुपया जाणार नव्हता. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या चालू जोडणीवर गाडी चार्ज करायला मुभा आहे. त्याची प्रत मी अर्जाला जोडली होती. ती कोणी वाचली असेल असे वाटत नाही, कारण टाचणीसुद्धा हललेली नव्हती.

कमिटीने आधी आर्किटेक्टचा दाखला मागितला. तो आणला. मग फायरवाल्यांचे पत्र. मग हा विषय कमिटीच्या अधिकारात येत नाही, वार्षिक सभेपुढे ठेवू, असे ठरले. सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, कारण ती तीस तारखेच्या आत घ्यावीच लागते; नाहीतर तीही झाली नसती. माझा विषय कुठे घातला होता? 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय'. महिनोन्महिने पडून असलेला अर्ज आयत्या वेळचा कसा, हे विचारले तर सेक्रेटरी हसले. तोपर्यंत लिफ्टच्या दुरुस्तीवर आणि भटक्या कुत्र्यांवर दीड तास गेला होता, बटाटेवडे आले होते, आणि मागच्या रांगेतून "आटपा आता" सुरू झाले होते.

"आग लागली तर जबाबदार कोण?" हा पहिला प्रश्न. रास्त प्रश्न आहे. मी एमसीबी, अर्थिंग, कंपनीच्या माणसाकडून तपासणी वगैरे सांगू लागलो. ज्या कोपऱ्याबद्दल ही काळजी चालली होती, त्याच्या शेजारीच जनरेटरसाठी आणलेल्या डिझेलचे कॅन, मागच्या रंगकामातले उरलेले टर्पेंटाइन आणि कोणाचा तरी जुना सोफा वर्षानुवर्षे पडून आहे. त्याला कोणी ना-हरकत दिली, हे विचारायचा मोह मी टाळला. विचारायला हवे होते. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचे चिरंजीव रोज रात्री स्कूटरची बॅटरी तिसऱ्या मजल्यावर, दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी लावतात. खाली, मोकळ्या हवेत, स्वतंत्र एमसीबीवर गाडी लावणे धोक्याचे. वर, पडद्याला टेकून बॅटरी लावणे सुरक्षित.

दुसरा मुद्दा खास आपल्याकडचा. "आज तुम्हाला दिलं, तर उद्या सगळे मागतील." अहो, सगळ्यांनी मागावे म्हणूनच तर सरकार करोडो रुपये सोडते आहे! विजेच्या वाहनांबद्दलच्या २०२१ च्या राज्य धोरणात २०२५ पर्यंत नव्या नोंदणीतली दहा टक्के वाहने विजेची असावीत, असे उद्दिष्ट होते. आमच्या सोसायटीत ते गाठले जाऊ नये, यासाठी कमिटी डोळ्यांत तेल घालून बसली आहे.

इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' असे लिहिले आहे. निर्णय पुढच्या सभेत. पुढची सभा पुढच्या सप्टेंबरात.

तोवर मी काय करतो? सार्वजनिक चार्जर. घरच्या युनिटपेक्षा जवळजवळ दुप्पट दर. प्रत्येक कंपनीचे वेगळे अॅप, प्रत्येकात आधी पैसे भरून ठेवायचे, आणि तिथे पोहोचावे तर चार्जिंगच्या जागेत कोणीतरी पेट्रोलची गाडी लावून सिनेमाला गेलेला. रखवालदाराला म्हटले, ही गाडी हलवा. त्याने माझ्या हिरव्या पाटीकडे पाहून विचारले, "टूरिस्ट का?" त्याला समजावले की खासगी विजेच्या गाडीच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतात, भाड्याच्या गाडीची पिवळी. त्याने शांतपणे ऐकून घेतले. गाडी हलली नाही.

राज्याचे विजेच्या वाहनांचे २०२५ चे नवे धोरण मी वाचले आहे. नव्या निवासी इमारतींत पार्किंगच्या सगळ्या जागा चार्जिंगसाठी तयार हव्यात, असे त्यात आहे. उत्तम. पण पुण्यातली बहुतेक माणसे नव्या इमारतीत राहत नाहीत. कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी इथल्या तीस-चाळीस वर्षांच्या सोसायट्यांचे काय? आम्ही पुनर्विकास होईपर्यंत थांबायचे का? आमच्याकडे तो विषयही 'पुढच्या सभेत' आहे. २२ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईच्या अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला, त्याबद्दल सरकारचे आभार. कोथरूडहून अटल सेतूपर्यंत जाण्यापुरती गाडी चार्ज झाली की त्या सवलतीचा लाभ नक्की घेईन.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. विजेच्या गाडीवर ५ टक्केच आहे, पण फरक कमी झाला. माझ्या मेहुण्याचा विजेची गाडी घ्यायचा विचार होता. आमच्या सभेची हकीकत ऐकून त्याने परवा पेट्रोलची बुक केली. तुमच्या पुढच्या बातमीतला एक आकडा आमच्या कमिटीने असा फिरवला आहे, याची नोंद घ्यावी.

नोंदणीचा विषय निघालाच आहे तर नव्या नंबरप्लेटबद्दलही दोन शब्द. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची केली, मुदत मार्च २०२५ अखेर. दंडाच्या भीतीने मी जुन्या स्कूटरसाठी ५३१ रुपये भरले, मिळाली ती तारीख घेतली, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर उन्हात उभा राहिलो. पाटी आलेली नव्हती. पुन्हा गेलो. मग मुदत एप्रिलअखेर झाली, मग जून, मग ऑगस्ट, मग नोव्हेंबर. शेजारच्या ज्या गृहस्थांनी अजून अर्जही केलेला नाही, ते मला रोज विचारतात, "काय, घाई केलीत ना?" वेळेत नियम पाळणाऱ्याला सरकार काही बक्षीस देईल अशी अपेक्षा नाही, निदान त्याचे हसे तरी करू नये. यावर तुम्ही एकही अग्रलेख लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

असो. दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही पुन्हा नोंदणीचे आकडे छापालच. त्या वेळी आरटीओऐवजी एखादा बातमीदार जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाठवा. किती हिरव्या पाट्यांच्या मागे भिंतीवर प्लग आहे, ते मोजायला फार वेळ लागणार नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधकांनाही विचारा, की सदस्याच्या स्वतःच्या मीटरवरच्या, स्वतःच्या खर्चाच्या प्लगला कमिटीने किती दिवसांत उत्तर द्यायचे. त्यांचे उत्तर छापलेत तर कात्रण सूचनाफलकावर मी स्वतः लावीन. फलकाची किल्ली सेक्रेटरींकडे आहे, पण तेवढे बघून घेऊ.

आपला,
एक जुना वाचक
कोथरूड, पुणे

(नाव छापू नये, ही विनंती. माझ्या पार्किंगसमोर अध्यक्षांची गाडी उभी असते.)